दोन बाटल्या, मोहाचे दिवस

आदिलाबादहून भीमपूरच्या रस्त्याला लागलं की चैत्राच्या तोंडाशी एक वास आडवा येतो. गोडूस, जड, थोडा आंबूस. कुणीतरी गूळ आणि ओलं गवत एका भांड्यात कोंबलं, वर झाकण ठेवलं आणि विसरून गेलं, असा. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा काळी केलेली असते आणि त्या काळ्यावर सकाळच्या उन्हात फिकट पिवळी, फुगीर फुलं पडलेली असतात. बायामाणसं वाकून वेचत असतात. मोह वेचताना कुणी फार बोलत नाही. बोलणं पुढं सुरू होतं. फुलं वाळून, भिजून, आंबून, उकळून बाटलीत उतरली की.

यंदाही मी गाडी थांबवली नाही. पण हात आपोआप सैल झाला आणि गाडी हळू झाली. मागून येणाऱ्या विटांच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबून मला तेलुगूत काहीतरी सुनावलं. त्याचं बरोबरच होतं. भर रस्त्यात एक पिकल्या केसांचा मास्तर डोळे अर्धवट मिटून श्वास ओढत चालला असेल, तर त्याला दुसरं काय म्हणणार?

मी पीत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मराठी शाळेत मराठी शिकवायचो, अजूनही शिकवतो, आणि परीक्षेच्या आधी दरवर्षी ‘व्यसनांचे दुष्परिणाम’ हा निबंध पोरांकडून घोटून घ्यायचो. मुद्दे घरचेच असल्यामुळे चांगले जमायचे. बुद्धविहारात वंदनेला मी पहिल्या रांगेत. आवाज खणखणीत. चार शिलं सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणायचो. पाचव्याला, दारूपासून दूर राहण्याच्या शिलाला, मात्र मला नेमका खोकला यायचा. माझ्या मागं बसणारी म्हातारी माणसं इतकी भली, की पाचवं शील जवळ आलं की त्यांच्यातलंच कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं सरकवून ठेवायचं.

कुसुमनं, माझ्या बायकोनं, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. एका पावसाळ्याच्या शेवटी ती लेकीकडे हैदराबादला गेली, चार दिवसांसाठी म्हणून, आणि तिथल्याच एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. फोनवर म्हणाली, “मी रागावून नाही आली. थकून आली.” रागावलेल्या माणसाला समजावता येतं. थकलेल्या माणसाला काय समजावायचं? मी त्या दिवशी तिच्या थकव्याच्या दुःखात प्यालो.

आमची लेक सुजाता तिथं एका संस्थेत संशोधन करते. कशावर, असं लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी आधी खाकरून घ्यायचो. कारण तिचं काम एका ओळीत सांगायचं तर ती उंदरांना दारू पाजते. त्यांची दारू वाढते कशी, मेंदूत काय बिघडतं, आणि कोणत्या औषधानं ती सुटते, हे पाहते. पण लोक पहिली ओळ ऐकून थांबतात. फवारणीचे पंप दुरुस्त करणारा लस्मन्ना, ज्याच्या दुकानामागं आमची रोजची बैठक, तो तर हात जोडून म्हणाला होता, “सर, पोरीले म्हणा उंदरं कायले पायजेत? आमी हाओ ना! पिंजराबी नको. दुपारी भात दिला तरी पुरे.” सगळे हसले. मीही हसलो. तिनं हाच विषय काऊन घेतला, हे मात्र मी तिला कधी विचारलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असतात, म्हणूनच माणूस ते विचारत नाही.

तर ते साल. मोह फुलायच्या बेतात होता, पळसाची पानं झडून नुसती केशरी आग उरली होती, आणि कुसुमचा फोन आला. तिला ठाऊक होतं की वर्षभर मी कसाही तरून जातो, मोहाच्या दिवसांत बुडतो. ताजी धार निघते, पाहुणे म्हणून बोलावणी येतात, आणि मास्तर कुणाला नाही म्हणत नाही. ती म्हणाली, “डाक्टरकडं जा. गोळी सुरू करा. ह्या मोहात नाही प्याले, तर मोह सरल्यावर मी येईन.”

तिनं आधी कधी अट घातली नव्हती. माझं त्या साली एवढंच पणाला लागलं होतं. पण एवढ्याच्या पलीकडे माझ्याजवळ होतं काय?

आदिलाबादच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचं नाव नॅल्ट्रेक्सोन. कुठल्यातरी लांबच्या रेल्वे स्टेशनसारखं. मी सुजाताला फोनवर विचारलं, ही करते काय? तिनं मला समजेल असं सांगितलं. “बाबा, दारू पोटात गेली की मेंदू आपली आपली अफू बनवते. ती एका खुर्चीवर जाऊन बसते, तवा बरं वाटते. गोळी काय करते, बसमध्ये आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसा त्या खुर्चीवर आधीच रुमाल टाकून ठेवते. अफू येते, पाह्यते, जागा नाही, परत जाते.”

“आन् दारू?”

“दारू राह्यते. मजा राह्यत नाही.”

पुढं तिनं तिच्या उंदरांच्या दोन बाटल्यांचं सांगितलं. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत पाणी, एकीत दारू. आणि बाटल्यांच्या जागा रोज बदलायच्या. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. कारण उंदराला कधी कधी दारूची नाही, बाजूची सवय लागते. तो डावीकडे जातो म्हणून पितो.

हे ऐकून माझ्या डोक्यात जो उजेड पडला, त्याचे चटके पुढं बऱ्याच जणांनी सोसले. मी म्हटलं, माझंही बाजूचंच दुखणं असणार! शाळा सुटली की गाडी आपोआप डावीकडे, लस्मन्नाच्या दुकानाकडे वळते. मग मी घरातल्या सगळ्या बाजू बदलून टाकल्या. खाट पूर्वेची पश्चिमेला नेली. चपला मागच्या दाराशी. आरसा स्वयंपाकघरात. डबे तर पार उलटेपालटे केले. दुसऱ्या दिवशी आमचे मुख्याध्यापक माझी विचारपूस करायला घरी आले. एकट्या माणसाचं घर नीटनेटकं पाहून खूश झाले. मी चहा दिला. त्यांनी घोट घेतला, तो तोंडात तसाच धरून माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि गिळला. दुसरा घोट घेतला. कप संपवला! जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, सोडताना होते असं. धीर धरा.” नंतर मी माझा कप तोंडाला लावला तेव्हा कळलं, मी साखरेच्या जागी मीठ घातलं होतं. त्यांना वाटलं, दारू सोडलेल्या माणसाची जीभ जाते.

गाडी मात्र डावीकडेच वळत राहिली.

दहावीच्या परीक्षेच्या कामातून मोकळीक मिळाली तेव्हा मी हैदराबादला गेलो. सुजातानं तिच्या सरांना विचारून मला उंदरांची खोली काचेतून पाहायची परवानगी काढली होती. तिथं जाताना मी जो पराक्रम केला तो आमच्यासारखा माणूसच करू जाणे. पीत होतो तेव्हा बाहेर निघताना अत्तराचा फाया कानात आणि वेलदोडा दाढेखाली, हा माझा रिवाज. आता झाकायचं काही उरलं नव्हतं. तरी हात गेला. अत्तर चांगलं सढळ लावलं. दाराशी सुजातानं मला पाहिलं, नव्हे, हुंगलं, आणि डोक्याला हात लावला. “बाबा! आत वास चालत नाही. उंदरं भेदरतात. आमी साबणसुद्धा बिनवासाचा वापरतो.” मग मला मोरीत नेलं. लेकीच्या संस्थेच्या नळाखाली मी कान धुतले, मान धुतली, अंगावर त्यांचा हिरवा डगला चढवला, डोक्यावर टोपी. आरशात पाहिलं तर ऑपरेशनला नेलेला रोगी कोण आणि डॉक्टर कोण, सांगता येईना.

त्या खोलीत दिवसा रात्र होती. उंदीर अंधारात जागतात आणि अंधारात पितात. माणसांची नोकरी दिवसाची. म्हणून उंदरांचं घड्याळच फिरवून ठेवलेलं. एक मंद लाल दिवा, काचेच्या अलीकडं आम्ही उभे होतो तिथंही तसाच. मी हळूच म्हटलं, “सुजा, हे तर बारच केला तुमी.” तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण सर मागं उभे होते.

पांढरे उंदीर. पारदर्शक खोक्यांत, एका खोक्यात एकच. प्रत्येकाला दोन बाटल्या, खाली लोखंडी नळी. सुजाता सांगत होती की यांना मुळात दारू आवडत नाही. आधी साखर घालून गोड करून द्यावी लागते, मग साखर हळूहळू कमी करत न्यायची. काही तर जन्मभर तोंड लावत नाहीत. काही मात्र असे लागतात की बाटली काढून घेतली आणि बऱ्याच दिवसांनी परत लावली, तर पहिल्यापेक्षा जास्त पितात. हे तिनं नेहमीच्या आवाजात सांगितलं, पण सांगून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं नाही.

एक उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला. दोन्ही पंजांनी त्यानं नळी धरली आणि जिभेनं टिक टिक टिक पिऊ लागला. थांबला, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा प्याला. मग पंजा उलटा करून तोंड पुसलं. ती तोंड पुसायची तऱ्हा मी कुठंतरी पाहिली होती. दुकानांच्या काचांत, येताजाता.

पलीकडच्या खोक्यातल्याला माझंच औषध दिलेलं होतं. तोही आला, त्याच नळीशी. एक घोट घेतला. थांबला. वर नाक करून हवा हुंगली. परत एकदा जीभ लावली, आणि मग वळून कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला कुणी रागावलं नव्हतं. कुणी शील दिलं नव्हतं. त्या नळीत त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं एवढंच. तो बसला तो बसूनच राहिला. सुटला म्हणावं तर सुटल्याचं काही दिसेना त्याच्या अंगावर. त्याला आता वेळ पुष्कळ होता आणि जायला कुठं नव्हतं.

मी विचारलं, “हे एकेकटे काऊन ठेवले?”

“एकत्र ठेवले तर कोणी किती प्यालं ते कसं समजंल?”

“जोडीदार असला तर कमी पीत असतील.”

“हो, पुष्कळदा. एकटा ठेवला की जास्त पितो.”

मी ते वाक्य झेल घ्यावा तसं पकडलं. मनात कुसुम, रिकामं घर, बदललेली खाट, सगळं एकदम एका बाजूला येऊन उभं राहिलं. “पाह्य! मंजे माणसाले एकटं टाकलं की मंग तो...”

सुजातानं काचेवरची नजर हलवली नाही. “बाबा, आपण तिघं होतो घरात. तुमी तवाच पीत होते.”

लाल उजेडात चेहरे नीट दिसत नाहीत, हे त्या खोलीचे माझ्यावर उपकारच झाले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “आन् काम झाल्यावर सोडून देता का या उंदरायले?”

“नाही.”

“मग?”

“मेंदू पाह्यचा असते, बाबा. आतून.”

मी त्या तोंड पुसणाऱ्याकडे पाहिलं. तो झोपायच्या तयारीत होता, शेपटी अंगाभोवती घेऊन. तोवर मी त्या गोळीला डॉक्टरची गोळी म्हणत होतो, कधी रागानं कुसुमची गोळी. ती आधी कुणाकुणाच्या तोंडातून माझ्यापर्यंत आली होती, याचा विचार केला नव्हता. दाराशी डगला काढताना सुजाता माझ्या पाठीमागून एवढंच म्हणाली, “गोळी चुकवू नका.” आवाज तिचा नव्हता, आईचा होता. आई मात्र त्या दिवशी भेटली नाही, कामावर होती. तिचा डबा आला. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. मी संस्थेच्या बागेतल्या बाकावर बसून तो खाल्ला आणि डबा घासून परत दिला.

परत आलो तर मोह ऐन भरात. अंगणाअंगणात चटयांवर फुलं वाळत घातलेली, वाळून मनुकांसारखी लाल झालेली. वारा गावाकडून सुटला की वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझा खडू थांबायचा.

मी लस्मन्नाकडे जात होतोच. प्यायला नव्हे, पण संध्याकाळचं बोलायचं कुणाशी? सोड्याची बाटली घेऊन त्यांच्यात बसायचो. आणि एक भलतंच उघडकीला आलं. आमचे विनोद विनोद नव्हतेच. लस्मन्ना वर्षानुवर्षं एका तहसीलदाराची आणि म्हशीची तीच गोष्ट सांगत होता. मी तिला दर वेळी मांडी थोपटून हसलो होतो, आणि आता तिच्यात हसण्याची जागा सापडेना. त्यांनाही माझी अडचण व्हायला लागली. मी आलो की “सर आले, सर आले” करत ग्लास खुर्चीमागं जायचे, जसं काही शाळा तपासायला अधिकारी आला. एकानं तर उठून नमस्कार केला. मी म्हणायचो, “प्या ना बे, मी काय म्हणतो का?” ते म्हणायचे, “नाही सर, तुमच्यासमोर बरं नाही वाटत.” माझ्यासमोर! त्या जागेवर मला उचलून रिक्षात घातलं होतं ज्या लोकांनी, ते.

मग एका संध्याकाळी दुकानामागं कुणीच नव्हतं. खुर्च्या आत ओढलेल्या. लस्मन्ना पुढं पंपाची नळी फुंकून पाहत होता. म्हणाला, “आज कोणी आलं नाही सर.” दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी जरा पुढं गेलो तर कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपलीकडून तहसीलदार आणि म्हैस ऐकू आली, आणि तो हशा. माझ्यासाठी, माझ्या भल्यासाठी, त्यांनी आपली जागा बदलली होती. मी भिंतीच्या अलीकडे गाडी उभी करून म्हैस संपेपर्यंत ऐकलं. त्या दिवशी मात्र मला हसू आलं. मग घरी गेलो.

त्या दिवसांत दारू फार आठवली असं नाही. गोळीनं तिचं काम चोख केलं. आठवायचं ते दारूच्या आजूबाजूचं. कुणीतरी आपल्या खांद्यावर टाकलेला जड हात. जयंतीच्या मिरवणुकीत मी त्या साली पहिल्यांदा शेवटपर्यंत सरळ चाललो, निळा गुलाल, ढोल, सगळं स्वच्छ दिसलं, आणि लक्षात आलं की सरळ चालणाऱ्या माणसाला कुणी धरत नाही.

मोह सरला. झाडांना तांबूस पालवी आली, वास विरला, आणि कुसुम आली. एक पिशवी घेऊन. आल्या आल्या तिनं साखरेचा डबा साखरेच्या जागी ठेवला, आरसा बाहेर आणला, खाट होती तिथं लावली. घर पुन्हा घरासारखं दिसायला लागलं. मी पोरासारखा तिच्या मागं मागं. गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवली. तिनं ती एकेक उलटून पाहिली.

दुपारी जेवून मी खाटेवर आडवा झालो, ती खाली चटईवर. बाहेर लूच्या गरम झळा. जरा वेळानं चटई वाजली. ती उठली, माझ्याजवळ आली, आणि माझ्या तोंडाशी वाकली. तिच्या श्वासाची ऊब मला गालावर लागली. ती हुंगत होती. मी जागा होतो. मी डोळे उघडले नाहीत. झोपेचं सोंग तसंच ठेवलं आणि तिला नीट वास घेता यावा म्हणून तोंड थोडं उघडून सावकाश श्वास सोडला. ती क्षणभर तशीच राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, “कांदा.” आणि जाऊन चटईवर पडली.

हे रोज चाललं. रोज दुपारी मी तोंड उघडून पडायचो आणि ती यायची. इतक्या वर्षांत माझ्या इतक्या जवळ ती आपण होऊन आली नव्हती. मी तर त्या दुपारची वाट पाहायला लागलो. कांदा बंद केला, बडीशेप खाऊ लागलो, म्हणजे तिला बरं वाटावं.

एका दुपारी ती उठली नाही. मी पडून होतो, तोंड उघडं, कान चटईकडे. ती शांत झोपली होती, हलकं घोरत. मी वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता मलाही खरोखरची झोप लागली. जागा झालो तेव्हा उन्हं उतरली होती आणि कुसुम पिशवीची चेन लावत होती.

“जातो मी आता,” ती म्हणाली. “काळजी नाही राह्यली.”

“काऊन? मी नाही ना प्यालो.”

“म्हणून तर.” ती जवळ येऊन बसली. “नाही तर जीव इकडंच राह्यला असता. तिकडं पोरी माह्या हातची भाजी खाऊन माहं नाव घेतात. इकडं मी उभा जन्म तुमचं तोंडच हुंगत राह्यली.”

मी म्हणालो, “चाय पिऊन जा.”

स्टँडवर मी तिला खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी निघताना तिनं हात बाहेर काढून माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.

घरी आलो. चटई खाटेशी तशीच अंथरलेली होती. ती मी गुंडाळली नाही. बाजूला जमिनीवर बसून राहिलो. दिवा लावायची वेळ टळून गेली. प्यालो नाही. हे सांगण्यासारखं आहे की नाही, कळत नाही. कारण ते पाहायला तिथं कुणी नव्हतं.